घर आणि संसार : पायांखालची फरशी

घर बांधावयास निघालेला गृहस्थ दाराच्या नक्षीबद्दल चार जणांचा सल्ला घेतो. भिंतींच्या रंगावरून घरांत आठ दिवस वाद चालतो, आणि देवघराची जागा तर वडील माणसांना विचारल्यावांचून ठरतच नाहीं. फरशीची गोष्ट मात्र निराळी. ती एखाद्या दुपारीं दुकानांत जाऊन, दिव्यांच्या झगझगाटांत, उभ्या उभ्या पसंत केली जाते. वस्तुतः घरांतील सर्व वस्तूंत जिच्याशीं आपला आठहि प्रहर संबंध येतो ती हीच. मूल प्रथम रांगतें तें तिच्यावर, पंगत बसते ती तिच्यावर, रांगोळी निघते ती तिच्यावर. आणि उतारवयांत पाऊल डळमळूं लागलें म्हणजे भरंवसा ठेवावा लागतो तोहि तिच्यावरच. दाराची नक्षी चुकली तर ती नजरेला खटकते. फरशी चुकली तर हाड मोडतें. हें वाक्य आम्हीं अलंकारासाठीं लिहिलेलें नाहीं. आमच्या घरीं तसें घडलें आहे, आणि तें वाचकांच्या घरीं घडूं नये म्हणूनच या महिन्यास हा विषय घेतला आहे.

अकोल्यास मोर्णेच्या कांठीं, जुन्या शहरांत, आमचें वडिलोपार्जित घर आहे. तिन्ही भावांचीं बिऱ्हाडें एकत्र, चूल एक. माजघरांत आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी होती. करड्या रंगाची, दोन फुटी, वावरण्याच्या वाटेवर थोडी झिजलेली. जेथें आजीचें जातें असे तेथील फरशीस तर बशीसारखा खोलगट आकार आला होता. घरांत लग्न निघालें तेव्हां तरुण मंडळींनीं टुमणें लावलें कीं, ही काळपट फरशी काढून तेथें पांढरी, आरशासारखी चकचकीत टाइल बसवावी. त्याच वेळीं मागील अंगणांतील न्हाणीघर मोडून माजघराला लागून नवें न्हाणीघर घेतलें. लग्नांत पाहुण्यांनीं फरशीची तोंडभर वाखाणणी केली. काढलेल्या शहाबादी फरश्या विहिरीजवळ रचून ठेवल्या होत्या. त्या विकून टाकण्यास काकूंनीं हरकत घेतली, एवढेंच त्याचें कारण.

पहिल्याच श्रावणांत एके सकाळीं काकू स्नान करून, सोवळें नेसून, हातांत पाण्याचा तांब्या घेऊन देवघराकडे निघाल्या. पाय ओले होते. माजघराच्या मध्यावर पाऊल सरकलें आणि त्या कोसळल्या. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, सहा महिन्यांनीं त्या काठीच्या आधारानें चालूं लागल्या. पण पूर्वीची चाल कांहीं परत आली नाहीं. "माझंच लक्ष नव्हतं," असें त्या आजहि म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. त्याच माजघरांतून, तशाच ओल्या पायांनीं, त्या पन्नास वर्षें देवघरांत गेल्या होत्या. त्यांचें लक्ष पूर्वीं होतें तितकेंच होतें; बदलली होती ती फरशी.

पुढच्या पावसाळ्यांत दुसरा धडा मिळाला. माजघराच्या एका भागांत टाइल्सवर पाय पडला कीं पोकळ आवाज येऊं लागला, आणि एके रात्रीं फटाका फुटावा तसा आवाज होऊन दोन टाइल्स तंबूसारख्या वर उठल्या. बसविणारा कारागीर म्हणे, टाइलच वाईट. दुकानदार म्हणे, कारागीरच वाईट. अखेर ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्यास बोलाविलें. त्यानें चार टाइल्स उचकटल्या, खालचा थर फोडला, आंतील माती चिमटींत घेऊन दाबून पाहिली, आणि म्हणाला, "टाइलीले काऊन बोल लावता, मालक? खालची कायी माती जित्ती हाय. पानी पेली का फुगते, ऊन लागलं का आटते. अन् तिले पानी तुमीच पाजलं." नव्या न्हाणीघराची मोरी आंतल्या आंत झिरपत होती, आणि तें पाणी वर्षभर माजघराखालीं मुरत होतें.

म्हाताऱ्याच्या त्या चार वाक्यांत वऱ्हाडांतील गृहरचनेचें सर्व मर्म आलें. आमच्या काळ्या जमिनींत मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचें प्रमाण मोठें असतें. या मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ती फुगते, आणि पाणी निघून गेलें कीं आकसते. वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस लागला कीं त्या मिटतात, हें लहान मुलांसहि ठाऊक आहे. हीच माती कापसाला ओल धरून ठेवते, आणि हीच माती घराची भिंत चिरते. घराखालीं एका बाजूस ओल आणि दुसऱ्या बाजूस कोरडें असें झालें म्हणजे एक भाग उचलला जातो, दुसरा बसतो. वरील फरशी संगमरवराची असो वा सोन्याची, तिला त्यापुढें काय करतां येणार?

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, फरशीचा विचार दुकानांत न करतां जोत्यापासून करावा. नवें घर बांधावयाचें असेल तर फरशीच्या जागेखालील काळी माती दोन-तीन फूट, आणि थर पातळ असेल तर ती संपेपर्यंत, काढून टाकावी. तेथें मुरूम भरावा. तोहि एकदम न ओततां सहा सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून, धुमसानें ठोकून भरावा. त्यावर दगडांचें सोलिंग, त्यावर काँक्रीटचा थर, आणि मग फरशी. भिंतींच्या पायासाठीं रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें, जी १९४७ सालीं सुरू झाली, खालीं कंदासारखा फुगीर भाग असलेले खांब जमिनींत खोल ओतण्याची पद्धत काळ्या मातीकरितां विकसित केली आहे. घराचा भार त्यामुळें ऋतूप्रमाणें हलणाऱ्या वरच्या थराखालीं जातो. त्याविषयीं स्थापत्यविशारदाचा सल्ला घ्यावा. परंतु पाया उत्तम करून फरशीखालीं काळी माती तशीच ठेवण्याची चूक पुष्कळ ठिकाणीं होते, हें ध्यानांत असूं द्यावें.

जुन्या घरांत एवढें खोदकाम शक्य नसतें. तेथें निदान पाण्याचा बंदोबस्त करावा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मोऱ्या वर्षांतून एकदां तपासाव्यात, घराभोंवतीं चार फूट रुंदीचा बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करावा, पागोळ्यांचें पाणी दूर न्यावें, आणि भिंतीला लागून मोठें झाड लावूं नये. झाडाचीं मुळें एका बाजूची ओल शोषून घेतात आणि जमीन तेथें आकसते. आमची जुनी शहाबादी फरशी त्याच काळ्या मातीवर इतकीं वर्षें कशी टिकली, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, पूर्वीं न्हाणीघर अंगणांत होतें, घराखालची माती बारमास कोरडी राही. आणि फरशी चुन्यांत बसविलेली असल्यामुळें थोडी हालचाल ती सोशी. एखादी फरशी उचलली गेली तर गवंडी तेवढीच काढून पुन्हा बसवीत असे.

पूर्णेच्या खोऱ्यांतील वाचकांसाठीं येथें आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या बाजूंस खारपाणपट्ट्यांतील कित्येक गांवांत विहिरीचें पाणी खारें आहे. तें पाणी चुन्यांत वा सिमेंटांत कालवलें, किंवा फरशीवर मारलें, कीं पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जातें आणि फरशीवर पांढरा लोणा फुटतो. दगड असेल तर त्याचे पापुद्रेहि सुटूं लागतात. अशा गांवांत बांधकामासाठीं गोडें पाणी बाहेरून आणण्याचा खर्च जड वाटला तरी करावा. आणि फरशीच्या थराखालीं जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे जमिनींतील खारी ओल वर चढत नाहीं.

आतां खुद्द फरशीकडे वळूं. वऱ्हाडांत दगडांस तोटा नाहीं. तथापि तो दगड काळा कातळ आहे. बाळापूरची छत्री, जी मिर्झाराजे जयसिंग यांच्या नांवानें ओळखली जाते, याच काळ्या पाषाणाची आहे. खांब, जोतीं, पायऱ्या यांस हा दगड उत्तम. परंतु ज्वालामुखीच्या रसापासून झाल्यामुळें त्याचे पातळ, सपाट पदर निघत नाहींत. शहाबादचा दगड चुनखडीचा. तो गाळाच्या थरांनीं बनलेला असल्यामुळें त्याच्या फरश्या सहज सुटतात. मुंबईचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास आणि शहाबादवरून जाणारा दक्षिणेकडील फांटा १८७१ सालीं रायचुरास पोंचला. त्यानंतर असा जड माल दूरवर नेणें सोपें झालें. तोंपर्यंत आमच्याकडे बहुतेक घरांची जमीन सारवलेलीच असे. त्या जमिनीस हंसूं नये. ती मऊ होती, उन्हाळ्यांत गार होती, आणि काळ्या मातीबरोबर हलत असे. भेग पडली तर पुढच्या सारवणांत बुजून जाई. तिचा खरा दोष असा कीं, ती टिकविण्याचा सारा भार घरांतील स्त्रियांच्या कमरेवर आणि गुडघ्यांवर पडे. तो भार उतरविण्यासाठीं दगडी फरशी आली, हें विसरतां कामा नये. कारण फरशी निवडतांना आजहि तीच कसोटी लावावी लागते.

शहाबादी, तांदुरी, कोटा आणि कडप्पा या फरश्या सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांतील. शहाबाद कर्नाटकांत, तांदूर तेलंगणांत, कडप्पा आंध्रांत आणि कोटा राजस्थानांत. या दगडांचा मोठा गुण म्हणजे ते आंतबाहेर एकच असतात. वीस-पंचवीस वर्षांनीं झिजले तर पुन्हा घासून घेतां येतात. यांचा अवगुण असा कीं, चुनखडीचा दगड आंबटास भितो. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांचा थेंब राहिला तर तेथें तकाकी जाऊन डाग पडतो. पारखावयाचें असेल तर नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनीं पुसून पाहावें. तसेंच हा दगड गारगोटीहून पुष्कळ मऊ आहे. पायांबरोबर आलेली वाळू त्याला कानशीसारखी घासते. म्हणून उंबऱ्याबाहेर जाड पायपुसणें ठेवणें हा या फरशीचा विमाच समजावा.

सिमेंटच्या नक्षीदार व मोझॅक फरश्या हा मधला मार्ग. १९२२ सालीं सिधवा घराण्यानें भारत टाइल्स हा कारखाना स्वदेशीच्या भावनेनें काढला आणि परदेशी टाइल्सच्या तोडीचा माल येथें तयार करून दाखविला. त्या काळच्या कित्येक घरांतील नक्षी अद्याप डोळ्यांना सुख देते. मोझॅकमध्यें सिमेंटांत संगमरवराचे खडे असतात. तेंहि पुन्हा घासतां येतें, पण चुनखडीप्रमाणें आंबटापासून जपावें लागतें.

राहिली आजची व्हिट्रिफाइड टाइल, जी बहुतांशीं गुजराथेंतील मोरबीहून येते. आमच्या घरीं अपघात झाला म्हणून आम्ही तिची निंदा करणार नाहीं. ती अर्ध्या टक्क्याहूनहि कमी पाणी शोषते, तिच्यावर हळद-तेलाचा डाग सहसा बसत नाहीं, आंबटानें तिचें कांहीं बिघडत नाहीं, आणि पुसावयास ती सर्वांत सोपी. दोष टाइलचा नव्हे, आमच्या निवडीचा होता. आरशासारखी चकचकीत टाइल भिंतीजवळ, कोरड्या बैठकीच्या खोलींत शोभते. जेथें ओला पाय पडतो तेथें खरखरीत अंगाचीच घ्यावी. आणखी एक इशारा : स्वस्त मिळते म्हणून भिंतीची टाइल जमिनीस लावूं नये. ती सच्छिद्र व नाजुक असते, आणि वरवंटा पडला कीं फुटते.

निवडीची रीत आम्हांस आतां अनुभवानें समजली आहे ती सांगतों. दुकानांतील कोरडी टाइल हातानें चोळून पाहूं नये. दोन-तीन नमुने घरीं आणावेत, न्हाणीघराच्या दारांत मांडावेत, त्यांवर साबणाचें पाणी ओतावें, आणि धडधाकट माणसानें कशाचा तरी आधार धरून अनवाणी पायांनीं त्यांवर उभें राहून पाहावें. जी फरशी पाय धरील ती ठेवावी, बाकीच्या परत कराव्यात. मग ज्या स्त्रीस ती रोज पुसावयाची आहे तिला विचारावें. पांढऱ्याशुभ्र फरशीवर वऱ्हाडची काळी माती प्रत्येक पावलागणिक दिसते आणि दिवसांतून चार वेळां फडकें फिरवावें लागतें, हें पुरुषमंडळींच्या ध्यानांत येत नाहीं.

बसविण्याच्या कामांत तीन गोष्टींवर लक्ष ठेवावें. पहिली, फरशीखालीं मसाला सर्वत्र पसरलेला असावा. चार कोपऱ्यांस चार गोळे ठेवून टाइल चेपण्याची खोड पुष्कळ कारागिरांस असते, आणि मधली पोकळ जागाच पुढें फुटते. सुकल्यावर प्रत्येक फरशीवर नाण्यानें टिचकी मारून पाहावी. बद्द आवाज आला तर ती तेव्हांच बदलून घ्यावी. दुसरी, सांध्यांत दोन-तीन मिलिमीटरांची फट आणि भिंतीच्या कडेस त्याहून थोडी अधिक जागा सोडावी. अकोल्यास उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो आणि थंडींत पहाटे हात गारठतात. एवढ्या फरकानें टाइल वाढते व आकसते, आणि जागा नसली तर वर उठते. आमच्या माजघरांत खालच्या ओलीस ही दुसरी चूकहि येऊन मिळाली होती. तिसरी, व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषीत नसल्यामुळें नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाहीं. तिच्यासाठीं मिळणारा खास चिकट मसालाच वापरावा. न्हाणीघरांत मोरीकडे दर पांच फुटांस सुमारें एक इंच उतार असावा, म्हणजे पाणी साचत नाहीं.

निगेविषयीं एवढेंच कीं, दगडी वा मोझॅक फरशीवर कोणतेंहि तेजाब घालूं नये. न्हाणीघर साफ करण्याच्या बहुतेक तीव्र द्रव्यांत तें असतें. एका दुपारच्या अति स्वच्छतेनें वीस वर्षांची तकाकी गेलेली आम्हीं पाहिली आहे. साधें पाणी, आणि आठवड्यांतून एकदां थोडा सौम्य साबण, एवढें पुरे.

खर्चाचा हिशेबहि थोडा निराळ्या रीतीनें मांडावा. समजा, एका फरशीस शंभर रुपये पडले आणि ती दहा वर्षांनीं उखडावी लागली; दुसरीस दीडशें पडले आणि ती मध्यें एकदां घासून चाळीस वर्षें टिकली. पहिली वर्षास दहा रुपयांना पडली, दुसरी घासण्याची मजुरी धरूनहि पांचांच्या आंत राहील. शिवाय फरशी उखडणें म्हणजे पंधरा दिवस चूल अंगणांत, देव दुसऱ्याच्या घरीं, आणि घरभर धूळ. त्याची किंमत कोणत्याहि वहींत लिहिलेली नसते. काकूंच्या दुखण्याचा खर्च आम्हीं वहींत लिहिला. तो माजघराच्या सबंध फरशीहून अधिक निघाला. परंतु त्यांच्या गेलेल्या चालीचा आंकडा कोठें मांडावयाचा, हें अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं.

असो. शेवटीं आम्हीं काय केलें तें सांगून हा लेख संपवितों. न्हाणीघराची मोरी फोडून नवी केली. माजघरांतील काळी माती जमेल तितकी खोल काढून मुरूम ठोकून भरला. आणि विहिरीजवळ रचून ठेवलेल्या त्याच शहाबादी फरश्या उलट्या बाजूनें हलक्या घासून पुन्हा बसविल्या. मुद्दाम चकाकी आणली नाहीं. जात्याच्या जागची खोलगट फरशी मात्र घरांत घेतां आली नाहीं, कारण तिच्यांत पाणी साचून पाय घसरला असता. ती तुळशीजवळ मांडली आहे. तरुण मंडळी प्रथम थोडी हिरमुसली, पण वैशाखांतील दुपारीं चटई न टाकतां त्याच फरशीवर आडवीं होणारीं पहिलीं तींच.

काम संपल्यावर काकूंना माजघरांत आणलें. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतों. त्या मात्र काठीच्या टोंकाकडे पाहत होत्या. ओल्या फरशीवर काठी टेकून त्यांनीं दोन-तीनदां जोर देऊन पाहिला, आणि म्हणाल्या, "टेकली तिथंच राहते हो!" एवढें बोलून त्या देवघराकडे चालूं लागल्या. वाचकांनीं नवी फरशी घेतांना दुकानदाराचें, कारागिराचें आणि शेजाऱ्यांचें मत अवश्य घ्यावें. पण अखेरचा शब्द घरांतील सर्वांत वृद्ध पावलांचा असावा, एवढीच आमची विनंती आहे.